लोकरी कोट आणि माझा निरोपसमारंभ

मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी म्हणते, मी नर्स आहे. 'सकाळपासून पोटात काही नाही, सिस्टर' असं डोळ्यांत पाणी आणून सांगणाऱ्या साखरेच्या पेशंटच्या उशीखाली हात घातला की अर्धा खाल्लेला बाबाकाऊ हाताला लागतो, मैद्याचा तळलेला गोड वडा, तेलकट, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. इतकी वर्षं अशा उशा उचलल्यावर माणसाचा माणसावर विश्वास राहील कसा? माझा तर माझ्यावरही फारसा नाही. पण त्याचं नंतर.

तर मी एक कोट विकत घेतला. एवढंच केलं. लोकरी, गुडघ्यापर्यंत येणारा, तपकिरी, मोठ्या बटणांचा. बाजारामागे जुन्या कपड्यांचं दुकान आहे, तिथे ऑस्ट्रेलियातून गठ्ठे येतात, त्यात सापडला. आता आमचं लंबासा म्हणजे भर समुद्रातल्या बेटावरचं असं गाव, की ऊसतोडणीच्या दिवसांत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आणि छत्री पावसापेक्षा उन्हासाठीच जास्त उघडावी लागते. अशा गावात एखादी नर्स लोकरी कोट घेते म्हणजे काय, हे लंबासातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बाई ऑस्ट्रेलियाला चालली.

कारण आमच्या इस्पितळातल्या नर्सा दुसरं काही करतच नाहीत. जातात. कुणी म्हाताऱ्यांच्या आश्रमात, कुणी मोठ्या इस्पितळात, कुणी नुसतीच नवऱ्याच्या मागून. आणि सांगून जात नाहीत. आमच्या वॉर्डाची इनचार्ज सेरेआना, सावुसावूला मावशीकडे लग्न आहे म्हणून गेली. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून चादरींचा आहेर दिला. नंतर फोटो आला तो थेट ब्रिस्बेनहून. अंगावर जाड जाकीट, आणि मागे खुर्चीवर आमची चादर.

तेव्हापासून कोण जाणार हे आधी ओळखायचा मला नादच लागला. त्याची लक्षणं असतात, तापाची असतात तशी. एक, दात. तिकडे दात दुरुस्त करणं परवडत नाही म्हणे, म्हणून जाणारी इथूनच दात नीट करून घेते. दुसरं, गाडी शिकणं. तिसरं सगळ्यात पक्कं: बाई एकाएकी गोड वागायला लागते. कुणाशी भांडत नाही, दुसऱ्याची रात्रपाळी करते, डबा वाटून खाते. आमच्या वॉर्डात धडधाकट माणूस उगाच गोड वागत नाही. आणि विचारलं तर जी ती छातीवर हात ठेवून सांगते, 'छे गं, मी कुठली जाते.' त्यामुळे 'नाही' म्हणणं हा आमच्याकडे पुरावा धरला जातो. हा नियम कुणी केला? मीच केला. आता भोगा.

सेरेआना गेल्यावर वॉर्डाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. किल्ल्या आल्या, शिव्या आल्या, पद मात्र आलं नाही. मी नुसती 'तात्पुरती'. इनचार्जला हाताची खुर्ची असते, मागे टेकता येते. ती खुर्ची कोपऱ्यात रिकामी होती आणि मी स्टुलावर बसून अख्खा वॉर्ड चालवत होते. हसू नका, मला ती खुर्ची हवी होती. एवढ्या वर्षांच्या उभ्या नोकरीनंतर बाईला टेकून बसावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? पद द्यायचं ते मेट्रन उलामिलांच्या हातात. सेरेआनाने त्यांना असं काही दुखवलं होतं की त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आता खुर्ची त्याच बाईला मिळेल जी इथे राहील. हुशार नको, राहणारी हवी. मी मनात म्हटलं, मग माझ्याशिवाय आहेच कोण? वासिती होती, पण ती माझी मैत्रीण, आणि तिला खुर्चीपेक्षा आपल्या घराच्या छपराची काळजी. मागच्या वादळात उडालेलं छप्पर अजून ताडपत्रीचंच होतं, आणि त्याखाली भावाची पोरकी पोरं.

आता कोटाचं. आमच्या वॉर्डात जास्त आजारी पेशंटांची चार खाटांची खोली आहे. तिथे समुद्रापलीकडच्या कुठल्याशा परोपकारी मंडळाने एसी दिला. हारतुरे झाले, केक कापला, मंडळाचे लोक घाम पुसत फोटो काढून गेले. त्या दिवसापासून ती खोली म्हणजे मासळी ठेवायची पेटी झाली. एसी सर्वांत थंडवर अडकला तो अडकलाच. रिमोट मेंटेनन्सच्या तोमासीकडे कपाटात बंद, कारण आधीचा रिमोट कुणीतरी घरी नेला होता. मी तोमासीकडे गेले. तो म्हणाला, मशीन गॅरंटीत आहे, मी हात लावला तर गॅरंटी जाईल. गॅरंटीवाले राजधानीत, सुव्यात. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, आधी तुमच्या मेंटेनन्सने तपासून कळवलं पाहिजे. तोमासीला सांगितलं. तो म्हणाला, तपासायला हात लावावा लागतो. मग बंदच कर म्हटलं तर म्हणाला, भेट दिलेली वस्तू बंद ठेवली असं मंडळाला कळलं तर? मी कपाळावर हात मारला. तोही गारच होता.

पेशंटांना आम्ही दोन-दोन चादरी दिल्या. त्या खोलीतले पेशंट फार लवकर बरे होतात असा अहवाल वर गेला म्हणे. बरे कसले, संधी मिळाली की पळत होते. आम्हा नर्सांना मात्र अर्ध्या बाह्यांचा गणवेश. माझी बोटं अशी आखडायची की शीर सापडली तरी सुई धरवायची नाही. फक्त वासितीला त्या खोलीत काही व्हायचं नाही. धिप्पाड बाई, तिथेसुद्धा वहीने वारा घ्यायची. शेवटी मी तो कोट घेतला. सरळ, स्वच्छ, नोकरीच्या कामासाठी.

चूक एकच केली. वापरायच्या आधी तो धुतला आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातला.

शेजारच्या धनमती काकींना चष्म्याशिवाय ताटातलं मीठ दिसत नाही, पण आमच्या दोरीवरचा कोट त्यांना त्यांच्या परसातून दिसला. कपडे सुकायच्या आत त्या कुंपणाशी हजर. काकींनी कोटाची बाही चाचपली आणि मला एक शब्द न विचारता सल्ला द्यायला सुरुवात केली. त्यांचा पुतण्या सिडनीला आहे, तेव्हा तिथलं त्यांना सगळं ठाऊक. लोणचं न्यायचं तर तेल वर तरंगता कामा नये, विमानतळावर फेकतात. आंब्याचं नेऊच नको, लिंबाचं ने. तिथल्या म्हाताऱ्यांना जोरात बोललेलं आवडत नाही. मी म्हटलं, काकी, मी कुठेही जात नाहीये, हा इस्पितळात घालायला आहे. काकींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. लंबासात, इस्पितळात, लोकरी कोट. मला स्वतःलाच माझा संशय आला.

जाताना काकी एवढंच म्हणाल्या, की शिवणयंत्र विकायचं झालं तर आधी शेजारधर्म आठव.

दोन दिवसांत आमचं घर म्हणजे लिलावाचं दुकान झालं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फ्रिज 'सांगून ठेवला'. नवऱ्याच्या चुलतभावाने पलंग मोजून नेला, म्हणजे मापं नेली. चर्चच्या बाजूच्या बाई नम्रपणे 'केरेकेरे' म्हणून आल्या. आता ज्यांच्यात हे 'केरेकेरे' चालतं त्यांच्यात मागणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि इतकी वर्षं शेजारी राहून ती सोय आमच्याकडूनही गेली आहे. मोठा कुकर गेला. मी कुठेही न जाता माझा संसार माझ्यासमोर वाटून चालला होता.

राजनेश म्हणजे माझा नवरा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे, शांत माणूस. तो पहिले काही दिवस हसत होता. मग त्याने कोटाच्या खिशात हात घातला. जुना कपडा, आधी कुणाचा कोण जाणे, आतल्या खिशात एक चावी निघाली. घराच्या दाराची, कांगारूच्या बिल्ल्याची. धुतानाही ती मला लागली नव्हती. राजनेशने ती टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"घरसुद्धा घेतलंस?" तो म्हणाला.

मी समजावलं. कोट जुना, चावी कुणा दुसरीची. तो 'बरं' म्हणाला. नवऱ्याचं 'बरं' कसं असतं ते बायकांना सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः रोट्या लाटायला शिकायला लागला. न विचारता, न बोलता, नकाशे लाटत. मी म्हटलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, सवय करून ठेवतो. मला इतका राग आला की मी चावी बाहेर भिरकावायला निघाले, आणि का कोण जाणे, परत कोटाच्या खिशात ठेवली.

इस्पितळात तर पाण्याआधी बातमी पोचते. मी कोट घालून त्या खोलीत शिरले की वॉर्डबॉयसुद्धा 'सवय करताय का, सिस्टर' म्हणायचे. मी आता कुणाला नाही म्हणत नव्हते, कारण माझाच नियम. गप्प राहिले तर म्हणायचे, बघा, गप्प आहे. पोरी हळूच विचारायच्या, एजंट कोण, मुलाखतीत काय विचारलं. थर्मामीटर कुणी देईना. जाणारीला दिलेली वस्तू परत येत नाही. कोणत्या पेनवर कुणाचा हक्क, हे इतकं कडकपणे आमच्याकडे कधी पाळलं गेलं नव्हतं.

आणि वासिती. वासिती माझ्याशी फारच गोड वागायला लागली. डब्यात माझ्यासाठी उकडलेला कसावा कंद आणि नारळाच्या दुधातली मासळी आणायची. माझ्या दोन रात्रपाळ्या तिने आपण होऊन घेतल्या. मी काही बोलले की हसायची, आणि हसताना तोंडावर हात धरायची. इतक्या वर्षांत ही बाई कधी तोंडावर हात धरून हसली नव्हती. समोरच्या दातांतल्या फटीसकट सगळं तोंड उघडून हसणारी. माझ्या मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, ही मला हसते. मग वाटलं, फ्रिजवर डोळा आहे. शेवटी कळलं तेव्हा मात्र मनाला लागलं: मेट्रनने तिला बोलावून घेतलं होतं आणि खुर्चीबद्दल विचारलं होतं. सुभाषनी, म्हणजे मी, चालली असेल तर तू सांभाळशील का, म्हणून. म्हणजे माझ्या कसाव्यात हे पाणी मुरत होतं तर.

आता काहीतरी करायला हवं होतं. मी विचार केला, रोग कोट नाही, रोग एसी आहे. एसी सुधारला तर कोट नको, कोट गेला की बोलणं गेलं. तोमासी मेट्रनच्या गावचा, नात्याने धाकटा. मेट्रनने शब्द टाकला तर गॅरंटी-फॅरंटी काही मध्ये येणार नाही. पण मेट्रनसारख्या मोठ्या बाईकडे काही मागायला मोकळ्या हाताने जात नाहीत. ज्यांचं जीभ बधिर करणारं पेय करतात त्या यंगोनाच्या मुळांची जुडी न्यायची, समोर ठेवायची, आणि मग जे असेल ते बोलायचं. परवानगी असो, माफी असो, लग्नाची मागणी असो, आधी मुळं. मी बाजारातून चांगली जाड जुडी घेतली, लाल फीत बांधली आणि दुपारी ऑफिसात गेले.

गेले ती कोट घालूनच. त्या खोलीतून सरळ उठले होते, अंगावर राहून गेला. ही माझी दुसरी चूक.

मेट्रन खुर्चीतून उठून खाली चटईवर बसल्या. मी जुडी ठेवली. घरून पाठ करून गेलेलं बोलायला लागले. म्हटलं, मेट्रन, फार दिवस मनात होतं, कसं सांगावं कळत नव्हतं. मी पुष्कळ सहन केलं, पण आता तिथे काम करणं माझ्याच्याने होत नाही. पुढचं वाक्य 'त्या खोलीतल्या एसीमुळे' असं होतं. ते तोंडातच राहिलं. मेट्रननी जुडी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली, पोकळ ओंजळीने टाळ्या दिल्या. ऑफिसातल्या दोघी क्लार्कही काम सोडून खाली बसल्या आणि त्यांनीही टाळ्या दिल्या. झालं. निरोप मागणारा असाच जुडी ठेवतो, आणि घेणाऱ्याने टाळ्या दिल्या की निरोप मिळाला.

मी तोंड उघडलं. पण मेट्रन रडत होत्या. या बाईला मी नळीतलं रक्त बघून, मंत्र्याला बघून, सेरेआनाचा फोटो बघूनही रडताना पाहिलं नव्हतं.

"सगळ्या मागच्या दाराने गेल्या," त्या म्हणाल्या. "तू एकटी समोरून आलीस, सुभाषनी. मान ठेवलास माझा."

आणि मग त्यांनी माझं कौतुक सुरू केलं. कुठल्या साली मी पुराच्या पाण्यातून चालत ड्युटीला आले, कुठल्या बाळंतिणीसोबत मी रात्रभर बसले, मला वाटलं होतं कुणी पाहिलंच नाही. सगळं त्यांच्या लक्षात होतं. अख्ख्या नोकरीत मला कुणी 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. तुम्हीच सांगा, अशा वेळी मध्येच 'मेट्रन, ते एसीचं होतं' म्हणायचं कुणी? मी म्हटलं, एवढं ऐकून घेऊ, मग सांगू. ऐकता ऐकता मलाही रडू आलं. क्लार्क पोरी रडल्या. लोकरी कोटात मी घामाने आणि डोळ्यांच्या पाण्याने निथळत होते. शेवटी त्यांनी मला मिठी मारली आणि खुर्ची वासितीला दिल्याचं तिथल्या तिथे सांगून टाकलं. 'तुझं मन आता मोकळं राहील,' म्हणाल्या.

असं मी माझ्या हाताने, फीत बांधून, माझं पद देऊन आले.

निरोपसमारंभ शुक्रवारी दुपारी चहाच्या खोलीत ठरला. राजनेशलाही बोलावणं गेलं. मी मनाशी पक्कं केलं होतं, तिथे उभी राहून खरं काय ते सांगायचं. हवं तर वेड्यात काढा. पण चटयांवर चटया अंथरलेल्या, मध्ये लाकडी परातीत यंगोना कालवलेला, माझ्या गळ्यात फुलांची माळ, आणि एकेकजण उठून बोलतोय. ज्या डॉक्टरांनी मला इतकी वर्षं 'ए सिस्टर' म्हणून हाक मारली, त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं, थोडं चुकलं, पण घेतलं. ज्या पोरी माझ्या पाठीमागे मला पोलीस म्हणायच्या त्या म्हणाल्या, सिस्टरांच्या नजरेतून काही सुटत नसे. विणलेल्या दोन मोठ्या चटया मला भेट मिळाल्या. मला वाटून गेलं, माणसाने अधूनमधून जायला हवं.

मग वासिती पुढे आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली, हळू टाळी दिली.

"केरेकेरे, सुभा," ती म्हणाली. "तुझा कोट मला दे."

सगळे हसले. जाणारीचाच कोट मागते म्हणून. वासिती म्हणाली, हिला तिथे नवा मिळेल, आता इनचार्ज मी, त्या थंड खोलीत मलाच बसायचंय. सगळ्यांना पटलं. मान डोलावल्या. मेट्रननीही डोलावली.

मला पटलं नाही. त्या खोलीत वहीने वारा घेणारी बाई, हिला कोट कशाला? मी तिच्याकडे बघत राहिले. ती हसली, तोंडावर हात न्यायला विसरली, आणि मला दिसलं. समोरच्या दातांमधली फट नव्हती. तिथे नवाकोरा, पांढराशुभ्र दात बसला होता.

अरे देवा. कसावा, मासळी, रात्रपाळ्या, गोड वागणं, दात. सगळी लक्षणं माझ्याच यादीतली, माझ्याच पानात वाढलेली, आणि मी खाऊन ढेकर देत होते. चाललीय ही. आणि अख्खं गाव माझ्या कोटाकडे बघत असताना हिने आरामात सगळं उरकून घेतलं. मी संशयी म्हणून इस्पितळात ओळखली जाते, आणि माझ्या नाकाखालून हत्ती गेला.

मला संताप आला. एक शब्द बोलले असते तर तिथल्या तिथे निकाल होता. मेट्रन समोर होत्या. त्यांनी मनात आणलं तर सुटकेचा कागद अडवून जाणं महिनोन् महिने रोखता येतं, आणि सेरेआनानंतर त्यांनी ते आणलंच असतं. खुर्ची माझी झाली असती, त्या दुपारी, माळ गळ्यात असतानाच. वासितीला कळलं की मला कळलंय. तिचा चेहरा पडला. ती नुसती ओंजळ पुढे धरून बसली. मला तिच्या घराची ताडपत्री आठवली. पाऊस पडला की तिच्याखाली पोरं भांडी मांडून बसतात. माझाच मला राग आला की हे आत्ताच कशाला आठवतंय.

मी शेजारी ठेवलेल्या कोटाच्या आतल्या खिशातून चावी काढून घेतली, घडी घातली आणि कोट तिच्या हातावर ठेवला. ठेवताना वाकले.

"दात छान बसवलाय," मी म्हटलं.

"सोमवारचं विमान आहे," ती कानाशी म्हणाली. "मला माफ कर, सुभा. तुझ्या आडून गेले."

मेट्रननी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी घसा साफ केला आणि स्पष्ट सांगितलं, मंडळी, मी कुठेही जात नाहीये. जोरात टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, सेरेआनाही अगदी हेच म्हणाली होती. मी म्हटलं, देवाशपथ नाही जात. आणखी टाळ्या. मी बसले. कुणीतरी माझ्या हातात यंगोनाची वाटी दिली, ती मी एका दमात संपवली आणि जीभ बधिर झाली, ते एक बरं झालं.

घरी जाताना राजनेशच्या दोन्ही खांद्यांवर चटया होत्या. बसस्टॉपवर उभे होतो. तो समोर बघत म्हणाला, की एवढ्या लोकांना वाटतंय म्हणजे कधीतरी तुझ्या मनात आलं असेल. 

"खरं सांग. तुला जायचं होतं का?"

मी लगेच नाही म्हणणार होते. पण आमच्याकडे 'नाही' म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक. म्हणून मी म्हटलं, बस आली. बस आली नव्हती.

सोमवारी मी ड्युटीवर हजर झाले. ड्युटीच्या तक्त्यावर माझं नाव नव्हतं. पोरी माझ्याकडे भूत बघावं तशा बघत होत्या. एकीने विचारलं, विमान चुकलं का. वासितीचं नाव होतं, वासिती नव्हती. नवी इनचार्ज पहिल्याच दिवशी गैरहजर म्हणून फोनाफोनी झाली, आणि दुपारपर्यंत जे कळायचं ते सगळ्यांना कळलं. किल्ल्या कुणाकडेच नव्हत्या, म्हणून त्या खुंटीवरून काढून मी कमरेला लावल्या आणि औषधांची फेरी सुरू केली. पेशंटला काय, कोण जाणार होतं आणि कोण गेलं. त्याला वेळेवर गोळी हवी.

संध्याकाळी मेट्रन वॉर्डात आल्या. एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. माझ्याकडे रोखून बघत विचारलं, तुला माहीत होतं का. मी म्हटलं, मला कसं माहीत असणार. त्यांचा विश्वास बसला नाही, पण तो कुणावरच बसायचा राहिला नव्हता. मग त्या माझ्यासमोर, वॉर्डाच्या फरशीवर बसल्या, आणि पदराआडून काढावी तशी पिशवीतून एक जुडी काढून माझ्यापुढे ठेवली. लाल फितीची. माझीच. फोडून कालवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं म्हणाल्या.

"मी निरोप दिला होता," त्या म्हणाल्या. "तो परत घे. राहा."

मोठ्या बाईने लहानीपुढे मुळं ठेवावीत, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. पण नर्स ती नर्स. जुडीला हात लावायच्या आधी मी म्हटलं, मेट्रन, त्या दिवशी मी जायचं मागायला आलेच नव्हते, तो एसी दुरुस्त करून मागायला आले होते. तेवढं तोमासीला सांगा, मग घेते.

मेट्रननी जुडीची फीत सरळ केली. मग सांगितलं, तोमासी शुक्रवारीच क्वीन्सलंडला गेला, मळ्यावर फळं तोडायला. आणि रिमोटच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात राहिली.

मी जुडी उचलली आणि टाळ्या दिल्या. दुसरं करणार काय?

तर आता मी इनचार्ज आहे. हाताची खुर्ची माझी आहे, पण ती ठेवायला जागा उरली ती त्याच थंड खोलीत, चार खाटांच्या पायथ्याशी. वासितीचा एक फोटो आला; कोटाची सगळी बटणं लावलेली, तोंडभर हसते आहे, हात खाली. राजनेशच्या रोट्या आता गोल यायला लागल्या आहेत, तो थांबायचं नाव घेत नाही. परवा त्याने सहज विचारलं, ती चावी टाकलीस ना? मी म्हटलं, केव्हाच टाकली. त्याने 'बरं' म्हटलं.

त्या खोलीत बसून बोटं आखडली की मी हात गणवेशाच्या खिशात घालते. चावी तिथेच असते, गार झालेली. जरा वेळ मुठीत धरली की ऊब येते.